बुटक्या स्प्रिंगा

आमच्या मुलुंडात कुणाकडे नवा कोच आला की त्यावर पहिलं कोण बसणार, हे ठरलेलं असे. नंदकिशोर सोहोनी. आणि हा प्राणी सरळ बसतही नसे. आधी दोन्ही तळवे टेकवून कोच चेपायचा, मान तिरपी करून ऐकायचा, मग एका अंगावर हळूच टेकायचा. यजमानीणबाई कौतुकानं चहा घेऊन आल्या की सांगायचा, "वहिनी, डावीकडची मागची स्प्रिंग गाठीतून सुटलीय हो." चहाच्या आधी वहिनींचं तोंड निवायचं.

हे वेड लग्नाआधीपासूनचं. उत्तराला बघायला गिरगावात गेलो तेव्हा मीही बरोबर होतो. अशा ठिकाणी मी नसलो तर नंतर सांगणार कोण? पोहे झाले, मुलगी येऊन बसली, शिवण येतं का, पेटी येते का, सगळं विचारून झालं. तिच्या वडिलांनी घसा साफ केला. "मग? काय मत झालं तुमचं?" तर हा म्हणतो, "तार चांगली आहे, पण भट्टी नीट बसलेली नाही." कोचाबद्दल बोलत होता गाढव! वडील पांढरेफटक पडले. उत्तरा मात्र पदर तोंडात कोंबून हसायला लागली, आणि मी मनात म्हटलं, चला, जमलं.

विक्रोळीच्या अलीकडे, खारफुटीच्या कडेला पत्र्याची एक लांबलचक शेड होती. तिथं स्प्रिंगच्या गाद्या बनत आणि नंदकिशोर तिथं सुपरवायझर होता. भरतीच्या वेळी शेडच्या मागच्या बाजूनं चिखलाचा वास यायचा, पुढून तापलेल्या तारेचा. साल छप्पन असेल. तेव्हा ही गादी आपल्या लोकांनी बघितलेलीसुद्धा नव्हती. ती जायची हॉटेलांत आणि मलबार हिलवर. आमची गादी कापसाची. तिच्यात गोळे झाले की पिंजारी दाराशी बसून टणटण करत कापूस पिंजून द्यायचा, की पुढच्या गोळ्यांपर्यंत बघायला नको.

नंदकिशोरच्या खिशात एक स्प्रिंग कायम असायची. दुसऱ्याच्या खिशात तपकिरीची डबी असते तशी. आमचे ब्लॉक समोरासमोर, मधे फक्त जिना. माझं दार दिवसभर उघडं. माझी बायको म्हणायची, ह्यांचे कान बंद होतील पण दार होणार नाही. त्या उघड्या दारातून हा आत यायचा आणि स्प्रिंग माझ्यापुढे उभी करायचा.

"बघा काका, डमरूसारखी आहे. वर रुंद, खाली रुंद, कंबर बारीक. का बरं?"

"मिरवायला."

"चेष्टा नको. रुंद वेटोळी आधी दबतात, म्हणून टेकल्या टेकल्या मऊ लागतं. भार वाढला की मग कंबरेची वेटोळी उभी राहतात. म्हणतात, बास, यापुढं नाही."

"म्हणजे तुझ्या सासूबाईच. आधी या, बसा, आणि मग कंबर कसून नाही."

"काका, मला ऐकू येतंय हां सगळं!" समोरच्या स्वयंपाकघरातून उत्तरा.

पण खरं सांगतो, ऐकता ऐकता मलाही गोडी लागली होती. वेटोळी वाढवली की स्प्रिंग मऊ होते, तार जाड घेतली की कडक. नवी स्प्रिंग आधी भट्टीत तापवून काढतात, मग एकदा पार सपाट चेपून घेतात. तिला जेवढं खचायचं तेवढं ती तिथंच खचून घेते, मग पुढं वर्षानुवर्षं दगा देत नाही. आणि एकटी स्प्रिंग काही कामाची नसते. तिला चारी बाजूंच्या शेजारणींशी पिळाच्या बारीक तारेनं ओवायचं, म्हणजे एकीवर भार आला की बाकीच्या थोडा थोडा वाटून घेतात. शेवटी सगळ्या फौजेला चहूकडून एक जाडजूड काठाची तार घालायची, नाहीतर माणूस कडेला बसला की घरंगळून खाली. वर गोणपाट, काथ्या, कापूस, आणि पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड. झाली गादी.

घरात या सगळ्याला विरोध एकाच माणसाचा. अण्णांचा, म्हणजे नंदकिशोरच्या वडिलांचा. कस्टममधून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, देह भरभक्कम, आवाज त्याहून. जन्मभर सतरंजी टाकून जमिनीवर झोपले. पोरानं एकदा गादीचं नाव काढलं तर म्हणाले, "तारेवर पडायला मी काय वाळत घातलेलं धोतर आहे?"

अण्णांच्या या जमिनीमागं एक दुखणं होतं. त्यांचे थोरले भाऊ दादरला इस्पितळात वारले, कॉटवर. आपल्यात माणूस जायला आला की त्याला खाली घेतात, जमीन सारवून, तुळशीपत्र ठेवून. तिथं नर्सनं काही हात लावू दिला नाही. त्याला कितीतरी वर्षं झाली होती, पण अण्णा पत्ते खेळताना मधेच थांबत.

"नंदू," असेच एकदा गॅलरीत डाव मांडलेला असताना म्हणाले, "दादाचं झालं तसं माझं होऊ द्यायचं नाही. शेवट आला की मला खाली घ्यायचं. वर गेला तो अधांतरीच राहतो. आणि तू रे," हे मला, "तू दार उघडं ठेवून बसतोसच, तर लक्ष ठेव याच्यावर. हा तारा मोजत बसायचा."

"हो अण्णा," नंदू म्हणाला, आणि त्यानं उतारी केली.

पुढच्या वर्षी गणपती उठले आणि अण्णांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. राहिलं काय, तर डावा हात आणि डोळे. ज्या आवाजानं खालचा दूधवाला वर न येताच परत जायचा, तो आवाज गेला, आणि आमचा जिना एकदम रिकामा वाटायला लागला.

डॉक्टरांनी बजावलं, "कॉटवर ठेवा, खाली मऊ हवं, आणि कुशी बदलत राहा. एवढा मोठा देह, टणक जागेवर ठेवलात तर पाठ बघता बघता सडेल. मन आणि कान शाबूत आहेत, त्यांच्यासमोर बोलताना जपून. असेच वर्षानुवर्षं काढतील, किंवा नाही."

ते 'किंवा नाही' फार वाईट. त्याच्यावर ना रडता येतं, ना कामाला जाता येतं.

नंदकिशोर मात्र त्या दिवशी मला जवळजवळ खुशीतच दिसला. तुम्ही त्याला नावं ठेवू नका. ज्या गोष्टीवरून गाव जन्मभर हसलं, तीच नेमकी घरात हवी होती. तारा वळण्यात कारखान्यात सर्वांत तरबेज होता मालवणकडचा गुणाजी. त्याला घेऊन यानं अण्णांच्या मापाची गादी बेतली. खांद्याखाली आणि कमरेखाली बारीक तार, पायाकडे नेहमीची. हातगाडीवरून गादी आली तेव्हा सगळी बिल्डिंग जिन्यात. जो तो येऊन चेपून जात होता. माझी बायको जरा टेकते म्हणाली आणि उठेचना. "अहो, आपण कधी हो घ्यायची?" मी म्हटलं, "आधी मला वारं येऊ दे अंगावरून." ती दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, आणि बरोबरच होतं तिचं.

अण्णांना गादीवर निजवलं. देह अलगद आत बसला, चेहऱ्यावरची ओढ सैल झाली. नंदकिशोर उशाशी उभा, परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहावा तसा. मग पांघरुणातून अण्णांचा डावा हात बाहेर आला, कॉटच्या कडेवरून लोंबला, आणि एक बोट सरळ जमिनीकडे रोखलं गेलं.

"टोचतंय का, अण्णा?" नंदकिशोर वाकला. "इथं? का इथं?" अंगाखाली हात घालून चाचपू लागला. बोट होतं तिथंच.

रविवारी त्यानं शिवण उसवली, कमरेखालची स्प्रिंग बदलली, शिवण घातली. संध्याकाळी बोट पुन्हा खाली. पुढच्या रविवारी खांद्याखालची. मग म्हणाला काथ्या टोचत असेल, तर काथ्या पिंजला. आठवडाभर कारखाना आणि रविवारी घरी गादी उघडून तिच्यात डोकं. उत्तरा सासऱ्यांना सतरंजीवर कुशीला धरून बसायची, आणि तेवढा वेळ, तुम्हाला सांगतो, ते बोट दिसायचं नाही.

हे मला दिसत होतं, उत्तराला दिसत होतं, माझ्या बायकोला दिसत होतं. कुणाला काय हवंय हे तोंडावर बोलून दाखवणारी माणसं आम्ही. त्या खोलीत मात्र सगळे मुके. एकदा उत्तरा न राहवून म्हणालीच, "अहो, मामंजींना स्प्रिंगचा काही त्रास नाहीये."

"मग कसला आहे?"

अण्णा तिच्याकडे टक लावून बघत होते. त्यांच्या समोर ती काय म्हणणार, की त्यांना खाली घ्या? आपल्यात खाली घ्या म्हणजे आता जा.

शिवाय भीती उलट्या बाजूनंही होती. ठाण्याच्या एका वकिलांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. त्यांना खाली घेतलं, तोंडात गंगाजल घातलं, सुनांनी गळा काढला, आणि वकीलसाहेब उठून म्हणाले, "चहा टाका." पुढं चांगले जगले. पण लग्नकार्यात त्यांना पुढं बसवायला लोक कचरत, आणि कोणती सून किती मोठ्यानं रडली होती याचा हिशेब त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. ही गोष्ट मीच पूर्वी जिन्यात रंगवून सांगितलेली. आता कुणी हसत नव्हतं.

शेवटी नंदकिशोरला मी जिन्यात गाठला. हातात पक्कड, खांद्यावर काथ्याची भेंडोळी.

"नंद्या, जरा बस."

"काका, वेळ नाही. मधली ओळ बघायचीय."

"मधल्या ओळीत काही नाहीये रे. तुला ठाऊक आहे."

तो पायरीवर बसला. पकडीचं तोंड उघडझाप करत राहिला.

"पहिल्या दिवशीच कळलं होतं मला," तो म्हणाला. "मी काय इतका बैल आहे? माझ्यादेखत बोललेत ते. पण काका, शेवट आला की, असं म्हणाले होते. आलाय का? तुम्ही सांगा. आत्ता खाली घेतलं आणि चार दिवसांत गेले तर मी घालवले. आणि नाही गेले तर फरशीवर पाठ कुजेल, ती मीच धुवायची. वर ठेवलं तर ते बोट. आता यातलं कुठलं करू?"

मी आपलं म्हटलं, "कॉट तरी काढ."

माणूस बुडायला लागला की काडीही धरतो. दुसऱ्याच दिवशी कॉट बाहेर गेली आणि गादी थेट फरशीवर आली. अण्णांनी छताकडे बघितलं. ते वर गेलेलं त्यांना कळलं असावं, कारण तोंडाची एक बाजू हसली. बोट दोन-तीन दिवस पांघरुणातच राहिलं. नंदकिशोर पेढे वाटायचाच बाकी होता.

मग पुन्हा आलं.

आता नंदकिशोरच्या डोक्यात निराळंच शिरलं. गादी वीतभर उंच आहे, ती उतरवायची. स्प्रिंगाच बुटक्या करायच्या. थोड्या थोड्या. म्हणजे खाली घेतलं असं कुणी म्हणायचं नाही, अण्णांनीही नाही, आणि एक दिवस बघावं तर माणूस जमिनीला लागलेला. जगात दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं आणि सुचलं असतं तर त्यानं दोन थोबाडीत मारून घेतल्या असत्या. मला तेव्हा ते फार शहाणपणाचं वाटलं.

गुणाजीनं बुटक्या स्प्रिंगा वळल्या. उंची कमी म्हणून वेटोळी कमी, आणि वेटोळी कमी म्हणून स्प्रिंग कडक. अण्णांच्या कमरेवर लाल डाग उठला. मग तार बारीक घेतली. मऊ झाली खरी, पण त्या देहाच्या भाराखाली वेटोळ्यावर वेटोळं टेकायला लागलं, आणि टेकलं की खाली दगडच. मधली तार घेऊन बघितली. भट्टी वाढवून बघितली. नंदकिशोर माझ्यापुढं येऊन बसायचा, पण आता खिशातली स्प्रिंग बाहेर काढत नसे.

"बुटकी आणि मऊ, दोन्ही होत नाही, काका. दबायला जागाच उरत नाही तिला. दोन्ही एका तारेत बसतच नाही."

"तुझा गुणाजी काय म्हणतो?"

"तो म्हणतो, साहेबानू, ह्या स्प्रिंगेचा काम न्हय."

तरी प्रत्येक खेपेला गादी उतरतच गेली. वीतभर होती ती मुठीएवढी झाली, मग चार बोटांवर आली. अण्णा प्रत्येक वेळी छताकडे बघत आणि मग पोराकडे. त्यांनाही कळलं असेल का हा काय करतोय? मला वाटतं, कळलं होतं. कारण पुढं पुढं ते बोट रोखत नसत, नुसता हात कडेवरून सोडून ठेवत, वाट बघितल्यासारखा. डाग मात्र फुटला. डॉक्टर येऊन नंदकिशोरवर ओरडून गेले. त्यानं मान खाली घातली आणि अजून बारीक तार मागवली. मधे अण्णा खोलगट भागात रुतल्यासारखे दिसायला लागले, आणि चहूबाजूंनी ती काठाची जाड तार बांधासारखी उभी.

शिमगा तोंडावर आला होता. दुपारची वेळ. नंदकिशोर कारखान्यात होता, त्याहून बुटक्या स्प्रिंगा आणायला गेलेला. समोरून उत्तरा ओरडली, "काका! काका, लवकर या!"

अण्णांचा श्वास बदलला होता. ज्यानं एकदा तो ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे होते.

"खाली घ्यायचं," उत्तरा म्हणाली. इतक्या महिन्यांत तो शब्द तिनंच पहिल्यांदा उच्चारला, आणि आता अण्णांसमोरच. "धरा."

चार बोटं. लहान मूल घरंगळून येईल एवढी उंची. मी काखेत हात घातले, तिनं पायाकडून. गुडघे टेकवले तर गादी आमच्याखाली खचली. जोर लावावा तर हात आत जात होते, जोर पोचतच नव्हता. अण्णा मधल्या खळग्यात बसलेले. एक हिसका दिला की काठापर्यंत येत आणि ती जाड तार त्यांना पुन्हा आत ढकलून देई. उत्तरा रडत नव्हती, शिव्या देत होती, त्या गादीला, तिच्या तोंडून मी कधी न ऐकलेल्या. "सोड मेले, सोड!" शेवटी माझ्या बायकोनं येऊन काठावर पाय रोवून तो दाबून धरला, तेव्हा खांदे फरशीवर आले. डोकं मी हातावर झेललं आणि टेकवलं. पाय गादीवरच. उत्तरानं धावत जाऊन गंगाजल आणलं, तोंडात घातलं. ते गालावरून ओघळून फरशीवर आलं.

आमच्या तिघांचाच श्वास ऐकू येत होता. केव्हापासून, कुणाला ठाऊक.

नंदकिशोर आला तेव्हा आम्ही अण्णांना पूर्ण खाली घेऊन नीट निजवलं होतं, तुळशीपत्र ठेवलं होतं. तो दारात चपला काढून आत आला, बघितलं, आणि पायाशी बसला. मग विचारलं.

"आधी घेतलं ना? खाली?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी उत्तराकडे. जन्मभर लोकांच्या घरातलं काय काय मी छातीठोक सांगत आलोय, कोण कधी आलं, कोण कधी गेलं.

"माहीत नाही हो," उत्तरा म्हणाली. "ओढत होतो. तेवढ्यात झालं. आधी का नंतर, खरंच नाही माहीत."

तो गादीकडे सरकला. काठाच्या तारेवरून बोट फिरवलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत.

"ही मी जाड ठेवली," तो म्हणाला. "कडेनं खाली पडू नयेत म्हणून."

जिन्यात पावलं वाजली. गुणाजी होता, मागून ओझं घेऊन येणारा, त्याला काही ठाऊक नव्हतं. खांद्यावर गोणपाटाचं पोतं, आत बुटक्या स्प्रिंगा, हलल्या की एकमेकींत अडकून कुरकुरत होत्या. उंबऱ्याशी येऊन तो थबकला, आतलं बघितलं.

"साहेबानू," तो हळूच म्हणाला, "ह्यो खंय ठेवू?"

नंदकिशोरनं वर बघितलं. गुणाजी पोतं खांद्यावर तसंच धरून उभा राहिला.